पोटअर्जांची पडताळणी : जावा वेब-प्रणालींतील दुर्लक्षित दुवा

विमा, बँक, महाविद्यालयीन प्रवेश किंवा पासपोर्ट यांपैकी कोणत्याही कामासाठी संगणकावर भरावा लागणारा अर्ज आज क्वचितच एकपदरी असतो. आयुर्विम्याच्या प्रस्तावाचेच उदाहरण घेता येईल. त्यात अर्जदाराची माहिती असते. त्या माहितीच्या पोटात पत्ता आणि पत्त्याच्या पोटात पिनकोड असतो. पुढे नॉमिनींची यादी असते. यादीतील प्रत्येक नावासमोर जन्मतारीख, नाते आणि टक्केवारीतील हिस्सा द्यावा लागतो. नॉमिनी अज्ञान असल्यास त्याच्या वतीने रक्कम स्वीकारणाऱ्या व्यक्तीचा तपशील त्याच्याही आत येतो. कायद्याच्या पुस्तकात कलमाला पोटकलम आणि पोटकलमाला खंड असावा, तशी ही रचना असते. संगणकाच्या परिभाषेत तिला ‘नेस्टेड फॉर्म’ म्हणतात; मराठीत ‘पोटअर्ज’ म्हणता येईल.

अशा प्रस्तावात चूक राहिली, तर ती बहुधा अर्जदार हयात नसताना उघड होते आणि तेव्हा ती दुरुस्त करणारे कोणी उरलेले नसते. म्हणूनच माहिती स्वीकारतानाच तिची पडताळणी करण्याला महत्त्व आहे. जावा भाषेत लिहिलेल्या वेब-प्रणालींत या पडताळणीची साधने विपुल आणि परिपक्व आहेत. तथापि मुख्य अर्ज तपासला गेला की पोटअर्जही आपोआप तपासला जातो, हा समज मात्र चुकीचा आहे. पडताळणी आत उतरावी असे प्रोग्रामरने स्पष्टपणे सांगावे लागते. ते सांगायचे राहिले, तरी प्रणाली कोणतीही तक्रार न करता अपुरा अर्ज स्वीकारते.

पोटअर्ज म्हणजे नेमके काय?

एचटीएमएल या वेबपानांच्या भाषेत एका फॉर्मच्या आत दुसरा फॉर्म घालण्यास परवानगी नाही. तसे केल्यास ब्राऊजर आतल्या फॉर्मच्या आरंभाची खूण विचारात घेत नाही, परंतु त्याच्या शेवटाची खूण आली की बाहेरचाच फॉर्म संपला असे मानतो. परिणामी त्यानंतरचे रकाने फॉर्मबाहेर पडतात आणि त्यांतील माहिती सर्व्हरकडे जातच नाही. त्यामुळे पानावरील फॉर्म एकच ठेवावा लागतो. पोटअर्जाची रचना रकान्यांच्या नावांतून व्यक्त होते.

उदाहरणार्थ, पिनकोडच्या रकान्याला ‘अर्जदार.पत्ता.पिनकोड’ असे नाव दिले जाते, तर पहिल्या नॉमिनीच्या जन्मतारखेला ‘नॉमिनी[०].जन्मदिनांक’ असे. सर्व्हरपर्यंत पोहोचते ती अशा नावांची आणि त्यांच्या मूल्यांची एक सपाट यादी. नावातील टिंब पाहून आत उतरायचे आणि चौकटी कंसातील आकडा पाहून यादीतील जागा शोधायची, या नियमाने स्प्रिंग किंवा स्ट्रट्ससारखी चौकट त्या सपाट यादीतून ऑब्जेक्टचे झाड उभे करते. या क्रियेला ‘डेटा बाइंडिंग’ म्हणतात. जावास्क्रिप्टवर चालणाऱ्या नव्या पानांत तीच माहिती जेसनच्या स्वरूपात, म्हणजे मुळातच झाडाच्या आकारात येते. झाड उभे राहिल्यानंतरची पडताळणी दोन्ही प्रकारांत सारखीच असते.

रूपांतर आणि पडताळणी

बाइंडिंग आणि पडताळणी या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. जन्मतारखेच्या रकान्यात ‘माहीत नाही’ असे लिहिले, तर त्या मजकुराचे तारखेत रूपांतरच होत नाही. ही पहिल्या पायरीवरील चूक होय. उद्याची तारीख लिहिली, तर रूपांतर होते, पण जन्मतारीख म्हणून ती ग्राह्य नसते. ही दुसऱ्या पायरीवरील चूक.

पहिली पायरी ढिली असेल, तर दुसरीला चूक दिसतच नाही. जावातील ‘सिंपलडेटफॉरमॅट’ हा जुना वर्ग मुळात उदार आहे. लीप वर्ष नसताना त्याला ३० फेब्रुवारी ही तारीख दिली, तर तो निमूटपणे २ मार्च ही तारीख तयार करतो. त्याचा उदारपणा बंद करण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागते. हिश्शाचा रकाना साध्या ‘इंट’ प्रकारचा ठेवला आणि ते मूल्य आलेच नाही, तर तेथे शून्य राहते. मग अर्जदाराने शून्य लिहिले की रकाना पाठवलाच गेला नाही, हे कळण्यास मार्ग उरत नाही. अर्जातील आकड्यांसाठी रिकामे राहू शकणारे प्रकार वापरावेत, असे म्हणतात ते यासाठीच.

ब्राऊजरमध्ये जावास्क्रिप्टने केलेली तपासणी अर्जदाराच्या सोयीची असते. तिच्यावर विसंबता येत नाही. ती बंद करून किंवा ब्राऊजर टाळून थेट सर्व्हरकडे हवी ती माहिती धाडता येते. अंतिम पडताळणी सर्व्हरवरच व्हावी लागते.

स्ट्रट्सपासून बीन व्हॅलिडेशनपर्यंत

क्रेग मॅक्लॅनहन यांनी २००० साली अपाची प्रतिष्ठानाच्या हवाली केलेली स्ट्रट्स ही चौकट पुढील काही वर्षे जावा वेब-प्रणालींचा पाया मानली जात असे. तिच्यात अर्जाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या वर्गात तपासणीचे फंक्शन हाताने लिहिले जाई. नंतर ‘कॉमन्स व्हॅलिडेटर’मुळे नियम एक्सएमएल धारिकेत मांडण्याची सोय झाली. टिंबाने जोडलेली नावे आणि यादीतील रकाने यांचीही तरतूद तिच्यात होती; परंतु नियम एका धारिकेत आणि वर्ग दुसऱ्या धारिकेत असल्याने रकान्याचे नाव बदलले की नियम मागे राहून जात.

वेबवर्क या चौकटीतून पुढे आलेल्या स्ट्रट्स २ मध्ये (२००७) ‘व्हिजिटर’ नावाचा तपासनीस होता. आतल्या ऑब्जेक्टला भेट देऊन तेथील नियम लावायचे, एवढेच त्याचे काम. स्प्रिंगमध्ये ‘व्हॅलिडेटर’ हा इंटरफेस होता आणि आजही आहे. पत्त्यासाठी एक तपासनीस लिहायचा, अर्जदाराच्या तपासनीसाने त्याला बोलवायचे आणि बोलवण्यापूर्वी ‘आता आपण पत्त्याच्या आत आहोत’ अशी नोंद त्रुटींच्या वहीत करायची, अशी त्याची पद्धत. आतून बाहेर येताना ती नोंद पुसावी लागते; ती राहिली, तर पुढच्या सगळ्या त्रुटी चुकीच्या रकान्यावर जाऊन पडतात.

या निरनिराळ्या पद्धतींना एकसूत्रता आली ती ‘जेएसआर ३०३’ या मानकामुळे. एमॅन्युएल बर्नार्ड यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले हे ‘बीन व्हॅलिडेशन’ मानक नोव्हेंबर २००९ मध्ये संमत झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये जावा ईई ६ चा भाग बनले. त्यानुसार नियम ॲनोटेशन या खुणेच्या रूपाने थेट रकान्याच्या डोक्यावर लिहिले जातात : @नॉटनल म्हणजे मूल्य असायलाच हवे, @साइझ म्हणजे लांबी मर्यादेत हवी, @पास्ट म्हणजे तारीख भूतकाळातील हवी. २०१३ मध्ये १.१ आणि २०१७ मध्ये २.० या आवृत्त्या आल्या. २०२० च्या ३.० आवृत्तीत ‘जावाएक्स’ हे पॅकेजचे नाव जाऊन ‘जकार्ता’ आले. हायबरनेट व्हॅलिडेटर ही या मानकाची सर्वाधिक प्रचलित अंमलबजावणी होय.

खूण नसेल, तर तपासणी दारातच थांबते

समजा, पत्त्याच्या वर्गात पिनकोडवर सर्व नियम काटेकोरपणे लिहिले आहेत. अर्जदाराच्या वर्गात ‘पत्ता’ हा एक रकाना आहे. सर्व्हरने अर्जदाराची पडताळणी केली, तर पिनकोड तपासला जाईल का? मानकाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ‘पत्ता’ या रकान्यावर @व्हॅलिड ही खूण असेल, तरच पडताळणी त्याच्या आत शिरते. प्रत्येक पातळीवर ही खूण नव्याने द्यावी लागते. प्रस्तावातून अर्जदाराकडे आणि अर्जदाराकडून पत्त्याकडे असा दोन पायऱ्यांचा प्रवास असेल, तर दोन खुणा हव्यात. मधली एक गळाली, की तिच्याखालचे सर्व नियम कागदावर राहतात.

मानकाने हा निर्णय विचारपूर्वक घेतला आहे. ऑब्जेक्टचे झाड डेटाबेसशी जोडलेले असू शकते. एका अर्जदारातून त्याच्या पॉलिसी, पॉलिसींतून एजंट आणि एजंटांतून त्यांचे सर्व ग्राहक असे आपोआप उतरत गेल्यास एका पिनकोडसाठी अर्धा डेटाबेस वाचावा लागेल. कोठे उतरायचे हे प्रोग्रामरनेच ठरवावे, हे त्यामुळे योग्य ठरते. नॉमिनी पुन्हा प्रस्तावाकडे बोट दाखवत असेल, तर तपासणी गोल फिरत राहू नये, याचीही तरतूद मानकात आहे. त्याच वाटेवर तपासून झालेले ऑब्जेक्ट पुन्हा तपासले जात नाही.

@व्हॅलिडचा अर्थ ‘हे असलेच पाहिजे’ असा होत नाही. ‘असेल तर आत जाऊन पाहा’ एवढाच तिचा अर्थ आहे. पत्ता मुळात आलाच नाही, तर आत जाण्यासारखे काही नसते आणि तपासणी यशस्वी ठरते. अपुरा पत्ता नाकारणारी प्रणाली पत्ता नसलेला अर्ज स्वीकारते, ही विसंगती येथूनच उद्भवते. तिच्यावरील उपाय म्हणजे @नॉटनल आणि @व्हॅलिड या दोन्ही खुणा जोडीने देणे. हाच प्रकार @पास्टसारख्या बहुतेक नियमांचा आहे. रिकामे मूल्य त्यांना ग्राह्य वाटते. जन्मतारीख भूतकाळातील हवी एवढेच लिहिले, तर न दिलेली जन्मतारीखही चालून जाते.

जेसनच्या वापरात हा धोका आणखी वाढतो. स्प्रिंगच्या नेहमीच्या मांडणीत अनोळखी नावाचे रकाने न बोलता टाकून दिले जातात. पाठवणाऱ्याने ‘पत्ता’ऐवजी ‘पत्ते’ असे नाव लिहिले, तर सर्व्हरच्या दृष्टीने पत्ता आलेलाच नसतो. @नॉटनल नसेल, तर एका मात्रेच्या चुकीमुळे अख्खा पोटअर्ज नाहीसा होतो.

यादीतील प्रत्येक नाव

यादीच्या बाबतीत आणखी काही पथ्ये पाळावी लागतात. यादीवर @व्हॅलिड दिल्यास तिच्यातील प्रत्येक घटक तपासला जातो. २.० या आवृत्तीपासून ही खूण कोनकंसात, घटकाच्या प्रकारापाशीच देता येते. तेथेच @नॉटनल दिल्यास यादीतील रिकामी जागाही पकडली जाते. परंतु यादी सर्वस्वी रिकामी असेल, तर तपासण्यासारखा घटकच उरत नाही. त्यासाठी यादीवर @नॉटएम्प्टी हवी. किमान आणि कमाल नॉमिनींची संख्या @साइझने ठरवावी.

ब्राऊजरमध्ये ‘आणखी एक नॉमिनी जोडा’ आणि ‘काढून टाका’ अशी बटणे असतात. अर्जदाराने तीन नावे भरून मधले काढले, तर सर्व्हरकडे ० आणि २ हे क्रमांक येतात. १ येत नाही. स्प्रिंग ती रिकामी जागा कोऱ्या ऑब्जेक्टने भरून काढते. मग पडताळणी त्या कोऱ्या नॉमिनीचे नाव, जन्मतारीख आणि हिस्सा नसल्याची तक्रार करते आणि पडद्यावर नसलेल्या रकान्याची चूक अर्जदाराला दुरुस्त करण्यास सांगितली जाते. पाठवण्यापूर्वी ब्राऊजरमध्ये क्रमांक नव्याने लावणे किंवा सर्व्हरवर पडताळणीपूर्वी कोरे घटक गाळणे, हे त्यावरील दोन मार्ग आहेत. कोरे घटक गाळल्यानंतरच संख्येचा नियम लावावा, अन्यथा कोरी ओळही ‘एक नॉमिनी’ म्हणून मोजली जाते.

कोणी खोडसाळपणे ‘नॉमिनी[५०००००]’ असे नाव पाठवले, तर पाच लाख कोरे ऑब्जेक्ट तयार होऊन सर्व्हरची स्मृती संपू शकते. स्प्रिंगमध्ये यासाठी २५६ ही मुळातच घातलेली मर्यादा आहे. ती वाढवण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

अर्जाचा मुख्य देहच यादी असेल, तर आणखी सावध राहावे लागते. स्प्रिंगच्या जुन्या आवृत्त्यांत जेसनमधून थेट यादी घेणाऱ्या फंक्शनवर @व्हॅलिड लिहिले, तरी यादीतील घटक तपासले जात नसत. कारण यादीलाच एक साधा ऑब्जेक्ट मानले जाई आणि तिच्या स्वतःच्या वर्गावर कोणतेही नियम नसत. यादीभोवती एक छोटा वर्ग गुंडाळणे किंवा कंट्रोलरच्या वर्गावर @व्हॅलिडेटेड ही स्प्रिंगची खूण लावणे, हे त्यावरील रूढ उपाय. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या स्प्रिंग ६.१ पासून ही तपासणी अंगभूत झाली आहे.

एकमेकांवर अवलंबून असलेले नियम

प्रत्येक रकाना स्वतंत्रपणे योग्य असूनही अर्ज चुकीचा असू शकतो. सर्व नॉमिनींचे हिस्से मिळून १०० टक्के व्हायला हवेत, हा नियम कोणत्याही एका नॉमिनीच्या वर्गात लिहिता येत नाही. त्यासाठी संपूर्ण यादी दिसावी लागते. म्हणून तो एक पायरी वर, प्रस्तावाच्या वर्गावर लिहिला जातो. नियम ज्या पातळीवरून पूर्ण दिसतो त्या पातळीवर तो लिहावा, हे येथील सूत्र.

बेरीज करताना ‘डबल’ हा अपूर्णांकी प्रकार टाळावा. द्विमान पद्धतीत ०.१ सारखी संख्या नेमकी साठवता येत नसल्याने बेरीज १०० च्या किंचित अलीकडे वा पलीकडे जाऊ शकते. ‘बिगडेसिमल’ वापरल्यास हा प्रश्न मिटतो. मात्र त्यातही समानता ‘इक्वल्स’ने न पाहता ‘कंपेअरटू’ने पाहावी, कारण पहिल्या फंक्शनच्या लेखी १०० आणि १००.०० या भिन्न संख्या आहेत. तिघांना समान हिस्सा द्यायचा म्हणून अर्जदाराने तीनदा ३३.३३ लिहिले, तर बेरीज ९९.९९ होते. अशा वेळी उरलेला शतांश कोणाच्या नावे जावा, हे कंपनीच्या नियमांनी ठरवायचे असते, प्रोग्रामरने नव्हे.

नॉमिनी अज्ञान असेल, तर रक्कम स्वीकारणाऱ्या व्यक्तीचा तपशील मागायचा, हा दुसरा नियम. यातला पोटअर्ज सशर्त आहे. त्यावर सरसकट @नॉटनल लावले, तर सज्ञान नॉमिनीसाठीही तो तपशील मागितला जाईल. येथे नॉमिनीच्या वर्गावर एक खास नियम लिहावा लागतो : वय १८ पेक्षा कमी असेल आणि तो तपशील नसेल, तर त्रुटी नोंदवायची. हा नियम रकान्यांच्या नियमांआधीही चालू शकतो. त्यामुळे जन्मतारीख रिकामी असण्याची शक्यता गृहीत धरूनच तो लिहावा. अन्यथा त्रुटीचा संदेश मिळण्याऐवजी प्रणालीच कोलमडते. वय मोजताना ‘आज’ कोणती तारीख आहे, हाही प्रश्न असतो. सर्व्हरचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर असेल, तर भारतात मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हरच्या लेखी आदलाच दिवस चालू असतो. अठराव्या वाढदिवशी पहाटे अर्ज भरणारा नॉमिनी मग अज्ञान ठरतो.

टप्प्याटप्प्याने भरायचे अर्ज

मोठे अर्ज एका बैठकीत पुरे होत नाहीत. ‘मसुदा जतन करा’ आणि ‘अंतिम सादर करा’ असे दोन मार्ग ठेवले, तर दोहोंना वेगळी पडताळणी लागते. बीन व्हॅलिडेशनमध्ये यासाठी ‘गट’ आहेत. कोणता नियम कोणत्या गटात, हे खुणेतच लिहिता येते. गट न लिहिलेला नियम ‘डिफॉल्ट’ गटात जातो.

तपासणी आत उतरताना मागितलेला गट सोबत घेऊन जाते. अंतिम सादरीकरणाच्या वेळी केवळ ‘अंतिम’ हा गट मागितला आणि पत्त्याच्या वर्गातील सर्व नियम डिफॉल्ट गटात असले, तर @व्हॅलिड असूनही पत्त्याचा एकही नियम लागू होत नाही. १.१ या आवृत्तीत आलेली @कन्व्हर्टग्रुप ही खूण दारावरच गट बदलून देते : बाहेर ‘अंतिम’ असेल, तर आत ‘डिफॉल्ट’ समजावे. ‘अंतिम’ गटाला डिफॉल्टचा वारसा देणे, हा दुसरा उपाय. स्प्रिंगच्या कंट्रोलरमध्ये गट सांगण्यासाठी @व्हॅलिडेटेड वापरावी लागते. @व्हॅलिडमध्ये गट सांगण्याची सोय नाही.

संदेश योग्य जागी, योग्य भाषेत

पडताळणीतील प्रत्येक त्रुटीसोबत तिचा मार्ग येतो. ‘नॉमिनी[१].जन्मदिनांक’ हा मार्ग पाहून पान तो संदेश नेमक्या रकान्याखाली दाखवू शकते. संगणकाची मोजणी शून्यापासून असल्याने अर्जदाराला दाखवताना ‘नॉमिनी क्र. २’ असे म्हणावे लागते. संपूर्ण वर्गावर लावलेल्या नियमाची त्रुटी मात्र कोणत्याच रकान्याला चिकटत नाही. ती कोठे दाखवायची हे नियमात स्पष्ट केले नाही, तर अर्ज परत येतो आणि पानावर कारण कोठेच दिसत नाही. स्प्रिंगमध्ये त्रुटींची वही, म्हणजे ‘बाइंडिंगरिझल्ट’, फंक्शनच्या यादीत अर्जाच्या लगेच पुढे असावी लागते. मध्ये दुसरे काही आल्यास ती त्या अर्जाशी जोडली जात नाही.

मराठी अर्जांसाठी आणखी दोन बाबी महत्त्वाच्या आहेत. पहिली अंकांची. जावाच्या नियमित पदावलीतील ‘अंक’ हे चिन्ह विशेष सूचना नसल्यास फक्त रोमन लिपीसोबतचे अंक ओळखते. देवनागरीत लिहिलेला ४११०३० हा पिनकोड ते नाकारते. उलट मजकुरातून पूर्णांक वाचणारे जावाचे मूळ फंक्शन देवनागरी अंक बिनतक्रार स्वीकारते. एकाच अर्जातील एक रकाना देवनागरी अंक घेतो आणि दुसरा घेत नाही, असे त्यामुळे घडते. पडताळणीपूर्वीच सर्व अंक एका प्रकारात आणणे श्रेयस्कर.

दुसरी बाब लांबीची. @साइझ अक्षरे न मोजता युनिकोडमधील एकके मोजते. ‘क्षिती’ हे नाव डोळ्यांना दोन अक्षरांचे दिसते, परंतु जावाच्या मोजणीत ते सहाचे भरते आणि यूटीएफ-८ मध्ये साठवताना १८ बाइट घेते. इंग्रजी नावे डोळ्यांसमोर ठेवून आखलेली मर्यादा मराठी नावांना अपुरी पडते, ती यामुळे. त्रुटींचे संदेश मराठीत लिहिण्याची सोय मात्र आता सुलभ झाली आहे. जावा ९ पासून (२०१७) संदेशांच्या धारिका यूटीएफ-८ मध्ये वाचल्या जातात. पूर्वी प्रत्येक देवनागरी अक्षराचा सांकेतिक क्रमांक लिहावा लागे.

न मागितलेली माहिती

पडताळणी आलेल्या माहितीचे मूल्य तपासते. ती माहिती मागितली होती की नाही, हे तपासत नाही. पानावर नसलेला ‘प्रस्ताव.मंजूर’ असा रकाना कोणी हाताने पाठवला आणि वर्गात त्या नावाचा गुणधर्म असला, तर बाइंडिंग तो भरून टाकते. सर्व नियम पाळूनही अर्जदार स्वतःचाच प्रस्ताव मंजूर करून घेऊ शकतो.

टिंबाच्या वाटेने किती खोल जाता येते, याचे धडे जावा जगताला वारंवार मिळाले आहेत. जावातील प्रत्येक ऑब्जेक्टला ‘क्लास’ हा गुणधर्म असतो आणि त्यातून पुढे सर्व्हरच्या गाभ्यातील ‘क्लासलोडर’पर्यंत पोहोचता येते. स्प्रिंगमधील हा दोष २०१० मध्ये दुरुस्त करण्यात आला. स्ट्रट्स १ मध्ये तसाच दोष २०१४ साली उघड झाला; तोवर त्या चौकटीची अधिकृत देखभाल थांबून वर्ष उलटले होते. पुढे जावा ९ मध्ये ‘मॉड्यूल’ हा नवा गुणधर्म आला आणि जुन्या दुरुस्तीला वळसा घालणारी नवी वाट तयार झाली. ३१ मार्च २०२२ रोजी जाहीर झालेला ‘स्प्रिंग४शेल’ हा गंभीर दोष तो हाच. ठरावीक मांडणीच्या टॉमकॅट सर्व्हरवर त्याद्वारे बाहेरून आज्ञा चालवता येत होत्या. स्प्रिंगच्या ५.३.१८ आणि ५.२.२० या आवृत्त्यांत तो दूर करण्यात आला.

यावरील टिकाऊ उपाय साधा आहे. डेटाबेसचे वर्ग थेट अर्जाला न जोडता अर्जापुरते वेगळे वर्ग लिहावेत आणि त्यांत पानावर असलेलेच रकाने ठेवावेत. ते शक्य नसल्यास बाइंडरला परवानगी असलेल्या नावांची यादी द्यावी. निषिद्ध नावांच्या यादीपेक्षा ती अधिक भरवशाची, कारण उद्या कोणते नवे नाव निर्माण होईल, हे निषिद्ध यादी लिहिणाऱ्याला आज माहीत नसते.

मौन ओळखण्याची कसोटी

या सर्व चुकांत एक साम्य आहे. खूण विसरली, गट जुळला नाही किंवा यादी रिकामी आली, तरी प्रणाली चालू राहते आणि ‘अर्ज स्वीकारला’ असेच सांगते. आवृत्ती बदलतानाही हेच घडू शकते. स्प्रिंग बूट २.३ पासून (मे २०२०) पडताळणीचे ग्रंथालय वेबच्या संचातून वगळण्यात आले. ते वेगळे जोडावे लागते. नोव्हेंबर २०२२ च्या स्प्रिंग बूट ३ मध्ये ‘जकार्ता’ पॅकेजमधील खुणाच ओळखल्या जातात. जुन्या ‘जावाएक्स’ पॅकेजमधील खुणा वर्गांवर तशाच राहिल्या आणि त्यांचे ग्रंथालयही सोबत उरले, तर प्रोग्राम बिनचूक बांधला जातो आणि त्या खुणांकडे कोणी पाहत नाही.

म्हणून योग्य अर्ज स्वीकारला जातो, एवढी चाचणी पुरेशी नसते. पडताळणी पूर्णपणे बंद असली, तरी ती उत्तीर्ण होते. झाडाच्या प्रत्येक पातळीवर मुद्दाम एक चूक ठेवून अर्ज पाठवावा आणि तो नाकारला जातो का, त्रुटीचा मार्ग नेमका तोच आहे का, हे पाहावे. पत्ता नसलेला, पिनकोड चुकलेला, नॉमिनींची यादी रिकामी असलेला, मधला नॉमिनी काढलेला, हिश्शांची बेरीज ९९ भरणारा आणि अज्ञान नॉमिनीसोबत जबाबदार व्यक्ती नसलेला, असे सहा अर्ज पुष्कळशी भगदाडे उघडी पाडतात. ही चाचणी ब्राऊजरकडून येणाऱ्या विनंतीपासूनच सुरू व्हावी. केवळ वर्ग तपासून भागत नाही, कारण अनेक दुवे बाइंडिंग आणि कंट्रोलर यांच्या सांध्यावरच निखळलेले असतात.

@व्हॅलिड ही एका ओळीची खूण आहे. ती विसरल्याचे प्रोग्रामरला कळण्यास बहुधा एक अयशस्वी चाचणी पुरते. ती चाचणी झालीच नाही, तर ते कळते दाव्याची रक्कम मागायला आलेल्या कुटुंबाला.